आज्ञा हेच सान्निध्य

‘आज्ञा’ हा शब्द कानी पडताच मनुष्याचे मन थोडे आक्रसते. सरकारची आज्ञा मोडली तर दंड होतो, धन्याची आज्ञा मोडली तर चाकरी जाते, असा व्यवहारातला अनुभव असल्यामुळे भगवंताच्या आज्ञेकडेही पुष्कळ लोक त्याच दृष्टीने पाहतात. देव हा कोणी कडक अधिकारी आहे. त्याचे नियम पाळले तर पुण्य जमेस धरले जाते आणि मोडले तर पाप खात्यावर चढते, एवढाच त्यांचा देवाशी संबंध उरतो. याउलट काही भाविक असे म्हणतात की, आमचे देवावर प्रेम आहे, आणि प्रेमात नियम कसले? पहिल्यांना नियम दिसतो, पण तो सांगणारा दिसत नाही. दुसऱ्यांना देव प्रिय आहे, पण त्याला काही सांगावयाचे असेल तर ते ऐकण्याची त्यांची तयारी नसते.

या दोहोंहून निराळा असा एक मोठा वर्ग गृहस्थाश्रमी भाविकांचा आहे. त्यांची व्यथा वेगळी असते. सकाळी उठल्यापासून मुलांच्या शाळा, दुकान, कचेरी, शेत, आजारी माणसांची शुश्रूषा, पाहुण्यांचा राबता. देवापाशी निवांत बसावे म्हटले तर दिवस मावळून जातो. संसारामुळे देव दुरावला, अशी हळहळ पुष्कळ सत्प्रवृत्त स्त्री-पुरुषांच्या मनात घर करून असते. अशा मनाला श्रीमद्भगवद्गीता काय सांगते, हे पाहणे अत्यंत उपयोगाचे आहे. कारण गीता ज्याला सांगितली गेली तो अर्जुन रानात बसलेला संन्यासी नव्हता. बायका-मुले, भाऊबंद आणि राज्याचा वाद यांत आकंठ गुंतलेला तो गृहस्थच होता. आणि गीतेच्या शेवटी त्याला जे मिळाले ते युद्धातून सुटका नव्हे. त्याला भगवंताची आज्ञा मिळाली.

पहिली आज्ञा कोणाची?

गीता लक्षपूर्वक वाचणाराला एक गोष्ट आढळून येईल. गीतेतील संवादात पहिली आज्ञा भगवंतांनी अर्जुनाला केलेली नाही. ती अर्जुनाने भगवंतांना केलेली आहे. पहिल्या अध्यायाच्या २१ व्या श्लोकात अर्जुन आपल्या सारथ्याला रथ दोन्ही सैन्यांच्या मध्ये नेऊन उभा करावयास सांगतो, आणि २४ व्या श्लोकात भगवान ती आज्ञा मुकाट्याने पाळतात. त्रैलोक्याचा स्वामी हाती लगाम धरून बसला आहे आणि भक्त सांगेल तेथे रथ नेत आहे! भक्ताचा शब्द ज्याने आधी झेलला, त्यानेच पुढे भक्ताला आज्ञा केली आहे. गीतेतील प्रत्येक आज्ञेचा विचार करताना हा क्रम विसरता कामा नये.

रथ उभा केल्यावर २५ व्या श्लोकात भगवंतांच्या मुखातून जे पहिले वाक्य निघते तेही आज्ञार्थीच आहे. समोर जमलेल्या या कुरुवंशीयांना पाहा, एवढेच ते सांगतात. त्यात उपदेश नाही, धमकी नाही. ज्यांच्याशी तुझे नाते आहे त्यांच्याकडे नीट पाहा, इतकीच ती पहिली आज्ञा आहे. अर्जुनाने पाहिले, आणि पाहताच त्याच्या अंतःकरणात दडलेला मोह वर आला. वैद्य जसा आधी दुखरी जागा दाबून पाहतो, तशीच ही आज्ञा आहे. भगवंताची आज्ञा मनुष्याला प्रथम त्याच्या स्वतःच्या मनाचे दर्शन घडविते.

यानंतरचा प्रसंग तर प्रत्येक भाविकाने स्वतःला लावून पाहावा असा आहे. दुसऱ्या अध्यायाच्या ७ व्या श्लोकात अर्जुन आपण शिष्य असल्याचे सांगून शरण येतो आणि उपदेश मागतो. परंतु दोनच श्लोकांनंतर, ९ व्या श्लोकात, आपण युद्ध करणार नाही असे सांगून तो गप्प बसतो! आज्ञा तर मागितली, पण निर्णय आधीच करून ठेवला. देवापुढे हात जोडून ‘मला मार्ग दाखव’ म्हणणारे आपल्यापैकी कितीतरी जण मनात एक मार्ग ठरवूनच आलेले असतात. देवाने केवळ त्यावर मान डोलवावी एवढीच त्यांची इच्छा असते. भगवान अर्जुनाच्या या विसंगतीवर रागावले नाहीत. पुढच्याच श्लोकात सांगितले आहे की ते जणू हसत हसत बोलू लागले. गीतेचा उपदेश त्या हास्यातून सुरू झाला आहे.

आज्ञा प्रश्नांना भीत नाही

जी आज्ञा केवळ सत्तेच्या बळावर दिलेली असते तिला प्रश्न सहन होत नाही. भगवंताची आज्ञा तशी नाही. चौथ्या अध्यायाच्या ३४ व्या श्लोकात ज्ञान मिळविण्याची जी साधने सांगितली आहेत त्यांत नमस्कार आणि सेवा यांच्या जोडीला वारंवार प्रश्न विचारणे हेही आहे. अर्जुनाने तर प्रश्नांची कसर ठेवली नाही. तिसऱ्या अध्यायाच्या आरंभी, ज्ञान श्रेष्ठ असेल तर मला या घोर कर्मात का ढकलतोस, असे तो जवळजवळ तक्रारीच्या सुरात विचारतो. सहाव्या अध्यायात मनाला आवरणे वारा आवरण्याइतके कठीण आहे असे तो सरळ सांगतो. त्यावर भगवान त्याला दुबळा म्हणून हिणवीत नाहीत. मन चंचल आहे यात संशय नाही हे आधी मान्य करून मग अभ्यास आणि वैराग्य हा उपाय सांगतात.

आणखी एक विशेष असा की, जी आज्ञा भगवान करतात ती ते स्वतःही पाळतात. तिसऱ्या अध्यायाच्या २२ व्या श्लोकात ते म्हणतात की तिन्ही लोकांत मला मिळवावयाचे असे काही उरलेले नाही, तरीही मी कर्म करीतच आहे. धनी स्वतः शेतात उतरला आहे आणि मुलाला हाक मारून म्हणतो आहे की, तूही ये. अशा वेळी ‘ये’ ही आज्ञाच असते. पण ती ऐकून मुलगा बापाच्या शेजारी येऊन उभा राहतो. कर्तव्य करणारा गृहस्थ भगवंताच्या कामात त्याच्या शेजारी उभा असतो. मग देव दुरावला असे त्याने कोणत्या तोंडाने म्हणावे?

येथे कोणी अशी शंका घेईल की, कर्माची आज्ञा करता येईल, पण प्रेमाची आज्ञा कशी करता येणार? अठराव्या अध्यायाच्या ६५ व्या श्लोकात भगवान मन आपल्या ठिकाणी लावण्यास, भक्त होण्यास, पूजन आणि नमन करण्यास सांगतात. मन का कोणाच्या सांगण्याने लागते? या शंकेचे उत्तर बाराव्या अध्यायाच्या ८ ते ११ या चार श्लोकांत आहे. तेथे भगवान प्रथम मन आणि बुद्धी माझ्यात ठेव असे सांगतात. ते साधत नसेल तर अभ्यास कर. अभ्यासही जमत नसेल तर माझ्यासाठी कर्मे कर. तेही होत नसेल तर निदान केलेल्या कर्माचे फळ सोड. लौकिक अधिकाऱ्याची आज्ञा पाळता आली नाही की तो शिक्षा ठरवितो. भगवंताची आज्ञा पाळता आली नाही तर ती एक पायरी खाली उतरून भक्तापाशी येते. चढू न शकणाऱ्या लेकरासाठी आईने वाकून हात पुढे करावा, तशा या चार पायऱ्या आहेत. ज्याला चौथी पायरी साधली, तोही त्याच जिन्यावर आहे.

वियोगातील आज्ञा

आज्ञा ही सान्निध्याचेच एक रूप आहे, ही गोष्ट भरताच्या चरित्रात फार स्पष्ट दिसते. वाल्मीकिरामायणातील अयोध्याकांडात भरत श्रीरामांना परत आणण्यासाठी चित्रकूटावर जातो. त्याची इच्छा एकच होती की, राम घरी यावेत. ती इच्छा पूर्ण झाली नाही. लक्ष्मणाला रामांचा सहवास मिळाला, भरताला मात्र परत जाऊन राज्य सांभाळण्याची आज्ञा मिळाली. भरताने रामांच्या पादुका मागून घेतल्या, त्या मस्तकी धारण केल्या आणि नंदिग्रामात राहून, जटा-वल्कले धारण करून, १४ वर्षे राज्याचा कारभार त्या पादुकांना निवेदन करीत चालविला. रामांपासून तो शेकडो कोस दूर होता. परंतु रोजच्या न्यायनिवाड्यात, रोजच्या हिशेबात, रामांना हे रुचेल का, हा एकच विचार ज्याच्या मनात असे, त्याला दूर कोण म्हणेल?

श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात उद्धवाची कथाही अशीच आहे. भगवंतांचे चरण अर्धा क्षणही सोडणे मला शक्य नाही, मलाही निजधामास न्या, अशी त्याची विनवणी होती. भगवंतांनी त्याला ज्ञान सांगितले, भक्ती सांगितली आणि अखेरीस बदरिकाश्रमास जाण्याची आज्ञा केली. उद्धवाला ती फार जड गेली. तो पुनःपुन्हा नमस्कार करीत, भगवंतांच्या पादुका मस्तकावर घेऊन निघाला. भरताला जे मिळाले तेच उद्धवाला मिळाले. दोघांनी सहवास मागितला होता, दोघांना आज्ञा आणि पादुका मिळाल्या. देहाचा सहवास एका ठिकाणी असतो आणि संपतो. आज्ञा मात्र भक्त जाईल तेथे त्याच्याबरोबर जाते.

याच एकादश स्कंधावर ज्यांनी मराठीत विस्तृत टीका लिहिली ते श्रीएकनाथमहाराज स्वतः गृहस्थ होते. त्यांचे चरित्रकार सांगतात की, तीर्थयात्रेहून परतताना पैठणात गुरू जनार्दनस्वामींचे पत्र त्यांच्या हाती पडले. त्यात तेथेच राहून गृहस्थाश्रम स्वीकारण्याची आज्ञा होती, आणि ती वाचताच नाथ जेथे होते तेथेच थांबले. पुढे त्याच संसारात राहून त्यांनी आपले ग्रंथलेखन केले. पैठणात आरंभिलेले एकनाथी भागवत शके १४९५ मध्ये, म्हणजे इसवी सन १५७३ मध्ये, काशीस पूर्ण झाले. ज्यांना संसार हा देवाच्या वाटेतला अडथळा वाटतो त्यांनी हे ध्यानात घ्यावे की, नाथांना संसार हा आज्ञा म्हणून मिळाला होता. आणि आज्ञा म्हणून घेतलेला संसार ईश्वरापासून दूर नेत नाही.

घरातील कसोटी

गृहस्थासाठी गीतेतील सर्वांत जवळची आज्ञा नवव्या अध्यायाच्या २७ व्या श्लोकात आहे. जे करशील, खाशील, हवन करशील, देशील, जे तप करशील, ते मला अर्पण कर, असा तिचा आशय आहे. वरवर पाहता ही आज्ञा फार सोपी वाटते. भोजनापूर्वी ‘कृष्णार्पणमस्तु’ म्हटले की झाले! परंतु तिच्या पोटात एक मोठी कसोटी आहे. जे अर्पण करता येत नाही, ते करताही येत नाही.

एक उदाहरण कल्पून पाहावे. एका कुटुंबात दोन भाऊ आहेत. वडिलांनी अखेरच्या दिवसांत, पूर्वेकडचे विहिरीचे शेत धाकट्याला द्यावे, असे थोरल्याला तोंडी सांगितले. ते ऐकणारी आईही पुढे निवर्तली. कागद सगळे थोरल्याच्या नावाचे. थोरला भाऊ दुष्ट नाही. तो रोज गीतेचा पाठ करतो, त्याच्या घरी मुलीचे लग्न ठरलेले आहे आणि त्याला पैशाची निकड आहे. शेत विकण्याचा कागद तयार झाला, सही तेवढी राहिली. त्या दिवशी पाठात नेमका हाच श्लोक आला. आजवर शेकडो वेळा वाचलेला श्लोक. पण त्या दिवशी त्याने तो कागदाशेजारी ठेवून वाचला. ही सही भगवंताला अर्पण करता येईल का? नैवेद्याच्या पानाशेजारी हा कागद ठेवता येईल का? त्याचे त्यालाच उत्तर मिळाले. त्याने धाकट्या भावाला बोलावून वडिलांचा शब्द सांगितला आणि शेत त्याच्या नावे करून दिले. मुलीचे लग्न साधेपणाने करावे लागले, थोडे कर्जही झाले.

या व्यवहारात थोरल्या भावाचे शेत गेले, हे खरेच आहे. आज्ञापालन नेहमी लाभदायक ठरते असे सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मग त्याला मिळाले काय? इतकी वर्षे तो ज्या देवाचे नाव घेत होता तो देव त्याच्याशी बोलला आणि त्याने ते ऐकले. त्या दिवसापर्यंत त्याचा देव देव्हाऱ्यात होता. त्या दिवशी तो त्याच्या व्यवहारात आला. नाते याचेच नाव आहे. ज्याच्यासाठी कधी काही सोडावे लागले नाही, त्याच्याविषयीचे आपले प्रेम किती खोल आहे हे आपले आपल्यालाही कळलेले नसते.

येथे एक सावधगिरी मात्र सांगितली पाहिजे. मनात उठलेली प्रत्येक ऊर्मी म्हणजे ईश्वराची आज्ञा नव्हे. आपलाच हट्ट, आपलाच राग देवाच्या नावावर खपविण्याची खोड मनुष्याला फार आहे. गीतेने याची ओळख सांगून ठेवली आहे. सोळाव्या अध्यायाच्या २१ व्या श्लोकात काम, क्रोध आणि लोभ ही नरकाची तीन दारे सांगितली आहेत, आणि २४ व्या श्लोकात काय करावे, काय करू नये याविषयी शास्त्र हे प्रमाण मानावयास सांगितले आहे. जी प्रेरणा या तीन दारांतून आली, ती कितीही धार्मिक वेष घालून आली तरी भगवंताची नव्हे. बाराव्या अध्यायात भगवंतांना प्रिय अशा भक्ताचे पहिले लक्षण कोणाचाही द्वेष न करणे हे सांगितले आहे. जी आज्ञा द्वेष शिकविते ती कोणाची आहे हे त्यावरूनच ओळखावे. त्याचप्रमाणे अठराव्या अध्यायाच्या ६६ व्या श्लोकातील सर्व धर्म सोडून शरण येण्याचे वचन पुढे करून कर्तव्याला फाटा देणाऱ्यांनी त्याच अध्यायाच्या आरंभीचे ५ वा व ६ वा श्लोक विसरू नयेत. यज्ञ, दान आणि तप ही कर्मे टाकू नयेत, आसक्ती आणि फळ सोडून ती करावीत, असे तेथे निश्चयाने सांगितले आहे.

आणि ज्याच्या हातून आज्ञा मोडली गेली त्याचे काय? ज्याने शेत विकून टाकले, ज्याने आईला कठोर बोलून दुखविले, ज्याचा नेम वर्षानुवर्षे सुटला, त्याच्यासाठी नवव्या अध्यायाचे ३० व ३१ हे श्लोक आहेत. अत्यंत दुराचारी मनुष्यही अनन्यभावाने भजू लागला तर त्याला साधूच मानावे, कारण त्याचा निश्चय योग्य झाला आहे. आणि माझ्या भक्ताचा नाश होत नाही, अशी भगवंतांची ग्वाही तेथे आहे. मोडलेली आज्ञा पश्चात्तापाने पुन्हा उचलता येते. जे परत करता येण्याजोगे आहे ते परत करावे, ज्याची क्षमा मागता येईल त्याची मागावी, आणि पुन्हा चालू लागावे.

साधकासाठी

ज्यांना या विचाराचा अनुभव घ्यावयाचा असेल त्यांनी पुढील सोपा नेम महिनाभर करून पाहावा. गीतेतील एकच आज्ञा निवडावी. बोलण्यात वारंवार चूक होत असेल तर सतराव्या अध्यायाच्या १५ व्या श्लोकातील, न टोचणारे, सत्य, प्रिय आणि हितकर बोलण्याची; फळाच्या चिंतेने झोप उडत असेल तर दुसऱ्या अध्यायाच्या ४७ व्या श्लोकातील. सकाळी तो श्लोक अर्थासह वाचून, ‘आज एवढे तुझ्यासाठी’ असे मनाशी म्हणावे. दिवसा जेथे तो आठवेल तेथे क्षणभर थांबावे. रात्री निजण्यापूर्वी, मुलाने दिवसाची हकीकत आईला सांगावी तशी, काय साधले आणि काय राहिले ते भगवंताला सांगावे. हिशेब मांडावयाचा नाही, मन मोकळे करावयाचे. घरातील मुलांनाही नियम सांगताना तो कोणाच्या प्रेमाखातर पाळावयाचा हे आधी सांगावे. म्हणजे धर्म त्यांना धाक वाटणार नाही.

शेवटी गीतेच्या समाप्तीकडे पुन्हा एकदा पाहावे. सर्व सांगून झाल्यावर अठराव्या अध्यायाच्या ६३ व्या श्लोकात भगवान अर्जुनाला, या सर्वांचा पूर्ण विचार करून इच्छेस येईल तसे करण्याची मोकळीक देतात. लगाम हाती असूनही त्यांनी अर्जुनाच्या मनाचा लगाम ओढला नाही. त्याच्या पुढच्याच श्लोकात ते आपण हे का सांगत आहोत याचे कारण उघड करतात: तू मला अत्यंत प्रिय आहेस, म्हणून तुझ्या हिताचे सांगतो. आणि ६५ व्या श्लोकात आज्ञेबरोबर ते स्वतःच प्रतिज्ञा करतात की, तू मलाच येऊन मिळशील. आज्ञा करणारानेच शपथ वाहावी, असा हा एकमेव दरबार आहे.

मग अर्जुन बोलतो. आपण लढणार नाही असे म्हणून गप्प बसलेला तोच अर्जुन ७३ व्या श्लोकात सांगतो की, मोह गेला, स्मृती परत आली, संशय उरला नाही, आणि आता तुझे वचन पाळीन. ध्यानात घेण्यासारखे हे की, ‘मी लढेन’ असे तो म्हणत नाही. युद्ध त्याच्या बोलण्यातून गळून गेले आहे. उरले आहे ते फक्त ‘तुझे वचन’. रथ तोच, रणांगण तेच, समोरचे आप्तही तेच. बदलले ते एवढेच, की आरंभी सारथ्याला आज्ञा करणारा रथी आता सारथ्याच्या शब्दाची वाट पाहतो आहे.

प्रत्येक गृहस्थाचा संसार असाच रथ आहे. तो सोडून कोठे जावयाचे नाही. त्या रथावर पुढे कोण बसला आहे हे ओळखावे, तो हळूच काय सांगतो आहे ते ऐकावे, आणि ऐकलेले त्याच दिवशी, त्याच घरात, करून पाहावे. त्याच्या शब्दाप्रमाणे टाकलेले पहिले पाऊल कितीही लहान असले, तरी ते त्याच्या शेजारीच पडते.